आजी ८० ची होतेय, कपाटात पडून राहणार नाही असं काय देऊ?

माझी आजी पुढच्या महिन्यात ८० पूर्ण करतेय. आत्तापर्यंत आम्ही दिलेल्या शाली, स्वेटर सगळं तिने घडी घालून जपून ठेवलंय पण वापरत काहीच नाही, विचारलं की म्हणते "मला आता काय करायचंय गं, तू आलीस तेवढं पुरे". वाचायची प्रचंड आवड, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची आणि मग आम्हाला त्यातलं वाचून दाखवायची. हल्ली मात्र पेपर नुसता उलगडते, मथळे बघते आणि बाजूला ठेवते. ऐकायलाही जरा कमी येतं. रोज हातात घेईल असं काहीतरी द्यायचंय. टॅबलेट देऊ का, अक्षरं मोठी करता येतात म्हणून?

गोधडी
टॅबलेटची घाई करू नका. आम्ही आजीला डिजिटल फोटोफ्रेम दिली होती, वायफायवरून रोज नवे फोटो जाणार वगैरे. मध्ये कधीतरी घरचा पासवर्ड बदलला आणि फ्रेम बंद पडली, तिने आम्हाला वाईट वाटेल म्हणून तीन महिने सांगितलंच नाही, रोज त्या काळ्या चौकटीवरची धूळ मात्र पुसायची. ते कळलं तेव्हा फार लागलं मनाला. मग साधे छापील फोटो काढून आणले, पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे, प्रत्येकात एक किंवा दोनच माणसं म्हणजे चेहरे मोठे येतात. ते ती रोज बघते, दोन तर उशीखालीच असतात. मागे नाव लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

निरांजन
ताई, पेपर बाजूला ठेवते हे वाचून थांबले. भेटवस्तू नंतर, आधी डोळे तपासून घ्या. नंबर बदलला असेल, मोतीबिंदू असेल, म्हातारी माणसं "वय झालं" म्हणून गप्प बसतात आणि मोतीबिंदू तर ऑपरेशनने बरा होतो. माझ्या आजीचं असंच झालं होतं, आम्हाला वाटलं तिचं वाचनातलं मन उडालं, खरं तर तिला दिसतच नव्हतं.

त्यानंतर द्यायचं तर चांगला दिवा द्या. साठीच्या डोळ्यात आत पडद्यापर्यंत जो उजेड पोचतो तो विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच असतो, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होत जातं म्हणून. म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी खोली तिला संध्याकाळसारखी वाटते. मान वाकवता येणारा दिवा घ्या, खांद्यामागून किंवा बाजूने पानावर पडेल असा, समोरून नको, डोळ्यावर येतो. बटण मोठं आणि हाताशी हवं.

सोबत भिंग द्यायचं तर स्टँडवालं, पानावर ठेवून सरकवायचं, कारण हातात धरलेलं थरथरतं. दोन-तीन पटीचं बास, जास्त पटीचं घेतलं की एका वेळी दोनच शब्द दिसतात आणि ओळ हरवते. आणि हे महत्त्वाचं, भिंग उन्हात खिडकीशी ठेवू नका, खालचा कागद पेट घेऊ शकतो.

परतीचा_पाऊस
वरचं सगळं करा पण तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. माझ्याकडे आजीचा आवाज फक्त ४० सेकंदांचा आहे, "पोचलास का, बरं ठेवते" एवढाच, आणि तो मी किती वेळा ऐकलाय ते सांगता येत नाही. "लहानपणचं सांग" म्हटलं की त्या "काय सांगू" म्हणतात, त्यापेक्षा जुना फोटो हातात देऊन "हिच्या मागे कोण उभी आहे गं?" असं विचारा, मग बघा. फोन एरोप्लेन मोडवर टाकून टेबलावर ठेवा, टीव्ही बंद, आणि ऐकू कमी येतं ना, तर समोर बसून ओठ दिसतील असं बोला, ओरडून नको.

प्रश्नकर्ती
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल मुद्दाम दुपारभर तिच्याजवळ बसले. पेपर आला तशी तिने खुर्ची ओढत खिडकीशी नेली, ऊन सरकलं तशी परत सरकवली, आणि मग ठेवून दिला. हे ती रोज करत असणार आणि मी कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये गुरुवारची, टॅबलेट कॅन्सल. दिवा पिवळ्या उजेडाचा घेऊ की पांढऱ्या?

निरांजन
उजेड कमीजास्त करता येईल आणि रंगही बदलता येईल असा मिळतो तो घ्या, आणि तिच्या खुर्चीशी लावून तिलाच ठरवू द्या. आमच्या आजीने पिवळा निवडला, मी पांढराच घेणार होते.