नॅनोक्ले घातली की कंपॅटिबिलायझर वगळता येतो?

धागाकर्ता: नायलॉन-६ आणि पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन) ७०/३० मिश्रणात ४ टक्के ऑर्गॅनोक्ले (सेंद्रिय लेप दिलेली, अतिसूक्ष्म पापुद्र्यांची नॅनोक्ले) घातली, तर मॅलिक ग्राफ्टेड पीपीवर, म्हणजे एकमेकांत न मिसळणारी ही दोन प्लास्टिकं जोडून धरणाऱ्या कंपॅटिबिलायझरवर, खर्च करायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. क्लेचा ओढा नायलॉनकडे. ती तिथेच जाऊन बसते, नायलॉनचा वितळ घट्ट होतो आणि पीपीचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली गोळे बारीक दिसतात, ताठपणाही वाढतो.

ब्लेंडकर: गोळे बारीक झाले म्हणजे चिकटले असं नाही. नॉच (खाच) केलेली पट्टी आयझॉडवर (आघाताच्या चाचणीत) तोडा आणि तुटलेली बाजू बघा. गुळगुळीत खळगे दिसतील, पीपीचे गोळे अख्खेच्या अख्खे निसटलेले. मॅलिक अ‍ॅनहायड्राइड नायलॉनच्या अमाइन टोकाशी रासायनिक बंध जुळवतं, क्लेला ते जमत नाही. नुसता मॉड्युलस (ताठपणा) बघून स्नॅप-फिटचा (दाबून अडकवायचा) माल पास कराल, तर जोडणी करतानाच क्लिपा तुटतील.

धागाकर्ता: प्रत्येक वस्तूला मार खायचा नसतो. टोयोटाने नायलॉन-क्लेचं टायमिंग बेल्ट कव्हर गाडीत वापरलंच ना?

ब्लेंडकर: ते निव्वळ नायलॉन होतं, आणि क्ले पॉलिमर बनतानाच आत घातलेली होती. ब्लेंडला तो दाखला लागू नाही.

शिफ्ट इनचार्ज: तुम्ही दोघंही तापमान सोडून बोलताय. क्लेवरचं अमोनियम क्षाराचं लेपन २०० अंशांच्या आसपास सुटायला लागतं, आणि नायलॉन-६ वितळतो २२० ला. एक्स्ट्रूडरचं (वितळवून मिसळायच्या यंत्राचं) बॅरल २४० वर ठेवून माल रेंगाळला की दाणे तपकिरी पडतात, अमाइनचा वास येतो आणि सुटे झालेले पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटतात. क्ले साइड फीडरने (बॅरलच्या बाजूने) टाका, पण नायलॉन वितळल्यावर लगेच. फार पुढे टाकलीत तर पापुद्रे सोडवायला पुढे नीडिंग ब्लॉकच (स्क्रूवरचे मळणारे भाग) उरत नाहीत. नायलॉन आधी ८० अंशांवर नीट सुकवा.

माल जाळून क्ले मोजायच्या राखेच्या चाचणीतही गफलत होते. ऑर्गॅनोक्लेचा साधारण तिसरा हिस्सा सेंद्रिय असतो, तो जळून जातो. ४ टक्के घातलेल्या मालात राख पावणेतीनच्या आसपास आली, तर फीडर बरोबर आहे. त्याचा वेग वाढवू नका.

ब्लेंडकर: हे पटलं. धागाकर्त्यांनी चार बॅच काढाव्यात: कोरी, फक्त क्ले, फक्त ग्राफ्टेड पीपी, दोन्ही. पट्ट्या साच्यातून निघाल्याबरोबर हवाबंद पिशवीत ठेवा. नायलॉनने ओल धरली की आयझॉडचा आकडा आपोआप वाढतो आणि श्रेय क्लेला जातं.

धागाकर्ता: काढतो. पण ब्रॅकेटसाठी फक्त क्लेची बॅच पुरेल, हे मत अजून सोडलेलं नाही.