इ.स. १३०० च्या सुमारास घडणारी इन्युइट मुलांची साहसकथा: तपशील कसे असावेत?

प्रश्न
दहा-बारा वर्षांच्या वाचकांसाठी मी एक साहसकथा लिहीत आहे. कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटावर, सुमारे १३०० सालच्या हिवाळ्यात, शिकारीला गेलेले वडील परतले नाहीत म्हणून अकरा वर्षांची मुलगी व तिचा धाकटा भाऊ कुत्र्यांची घसरगाडी जोडून त्यांच्या शोधात निघतात. वाटेत मुलगी एकटीच हिमअस्वल मारते. हे पटण्याजोगे आहे का? शिवाय हे इन्युइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचे मूळ रहिवासी, बर्फाच्या घरांतच राहत असत का?

प्रतिसाद १
काळाची निवड उत्तम आहे. पुरातत्त्वज्ञ ज्यांना थुले संस्कृतीचे लोक म्हणतात, ते आजच्या इन्युइटांचे पूर्वज त्या सुमारास अलास्काकडून पूर्वेकडे पसरलेले होते आणि देवमाशांची शिकार करत होते. त्यांचे हिवाळी घर जमिनीत अर्धवट खणलेले, दगड-मातीच्या भिंतींचे आणि देवमाशाच्या हाडांवर छप्पर तोललेले असे. बर्फाचे घर मुलांना प्रवासात बांधू द्यावे. मात्र वाऱ्याने घट्ट दाबलेले हिम सापडल्याखेरीज विटा कापता येत नाहीत, आणि ते शोधणे हाच एक चांगला प्रसंग होईल.

प्रतिसाद २
अस्वल मी सरळ काढून टाकेन. अकरा वर्षांच्या मुलीने एकटीने अस्वल मारणे म्हणजे निव्वळ सिनेमा झाला. त्याऐवजी सीलची शिकार घ्यावी. समुद्र गोठला तरी सील श्वासासाठी बर्फात अनेक छिद्रे नखांनी उकरून उघडी ठेवतो. हिमाखाली दडलेले छिद्र कुत्रा वासावरून शोधतो, आणि मग शिकारी कातड्याच्या तुकड्यावर पाय ठेवून, जराही आवाज न करता, प्रसंगी तासन्‌तास उभा राहतो. पाण्यात सोडलेली हाडाची बारीक काडी हलली की हार्पून, म्हणजे दोर बांधलेला भाला, मारायचा. सील वर ओढल्यावर त्याच्या तोंडात गोडे पाणी ओतण्याची प्रथा होती, कारण खाऱ्या पाण्यात राहणारा तो जीव तहानलेला असतो, अशी श्रद्धा होती. धाकट्या भावाच्या हातून हे पाणी ओतवून घ्यावे, एवढीच माझी सूचना.

प्रतिसाद ३
अस्वल पूर्ण काढण्याची गरज मला वाटत नाही. कुत्री अस्वलाला घेरून खिळवून ठेवत आणि मग शिकारी भाला घेऊन पुढे सरसावे. मुलांनी कुत्र्यांचे पट्टे कापून त्यांना मोकळे सोडले आणि स्वतः निसटली, तरी थरार कमी होणार नाही. आणखी एक गोष्ट संवादांसाठी उपयोगी पडेल. मृत व्यक्तीचे नाव बाळाला दिले की त्या व्यक्तीचे नातेही त्या बाळाकडे येई. मुलीला आजोबांचे नाव दिले असेल, तर आई आपल्याच लेकीला ‘बाबा’ म्हणून हाक मारील, आणि अशा लेकीला शोधाला जाण्यापासून अडवणे आईला किती जड जाईल, ते पाहा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. नावाचा धागा नक्की घेईन. शोध मध्यरात्री सुरू करावा की पहाटे?

प्रतिसाद १
महिना कोणता ते आधी ठरवा. बेटाच्या उत्तर भागात डिसेंबरअखेरीस सूर्य उगवतच नाही. दुपारी थोडा वेळ दक्षिणेकडे संधिप्रकाश दिसतो, तेवढाच. चांदण्यात बर्फावर बरेच दूरचे दिसते, म्हणून मुलांना पौर्णिमेच्या सुमारास निघू द्या.