विषय: पोरांना बास पकडायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रेषक: रावेरची सून (सध्या मुक्काम रावेर)

नमस्कार मंडळी,

सुट्टीसाठी महिनाभर सासरी आलोय. आबांच्या केळीच्या बागेत शेततळं आहे, त्यात रोहू-कटला सोडलेत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी पोरांच्या हातात बांबूची काठी दिली, दोरीला मोरपिसाचा दांडा बांधला आणि गळाला कणकेची गोळी लावली. दांडा बुडाला, धाकट्याने काठी ओढली, वीतभर रोहू आमच्या अंगावर. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आता अमेरिकेत, मिशिगनला परत गेल्यावर त्याला ‘बास’ नावाचा तिकडचा मासा पकडायचाय, कारण वर्गातल्या कुणाच्या तरी बाबांकडे होडी आहे.

मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. आम्हा दोघांना यातलं ओ की ठो कळत नाही. होडी घ्यावी लागेल का? तिकडे पकडलेला मासा परत सोडतात म्हणे. हे आबांना सांगितलं तर म्हणाले, “मंग काढला कशाले?” शिवाय त्यांचा प्रश्न आहे की बासची पिल्लं इथल्या तळ्यात सोडता येतील का. विचारायचं कबूल केलं होतं म्हणून विचारते, हसू नका.

——

प्रेषक: चाळीसगाववाला

वहिनी, होडी अजिबात घेऊ नका. पहिलं वर्ष काठावरच काढा, आणि खरं सांगायचं तर बासच्या मागेही लागू नका. सहा वर्षांच्या पोराचा धीर फार तर पाच मिनिटं टिकतो. बास दोन तास येत नाही, मग पोरगं दगड मारायला लागतं आणि बाप पोराला ओरडायला लागतो. आमच्याकडे मोठ्याच्या वेळी हेच झालं, मी स्वतःच ओरडणारा होतो.

सुरुवात ब्लूगिलपासून करा. बासच्याच कुळातला, तळहाताएवढा, धक्क्याच्या सावलीत घोळक्याने उभा असतो. लहान गळ, त्यावर नखाएवढा गांडुळाचा तुकडा, वर प्लास्टिकचा लाल-पांढरा गोळा, म्हणजे आबांच्या मोरपिसाच्या दांड्याचा अमेरिकन भाऊ. रीळ बटण दाबायचं घ्या, त्यात दोरीचा गुंता कमी होतो. कमी म्हणतोय, होत नाही असं नाही.

गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो ना, तो घरीच पकडीने चेपून टाका. मासे थोडे जास्त सुटतील, पण गळ कधी ना कधी कुणाच्या तरी बोटात जाणार आहे. माझ्या कानाच्या पाळीत गेला होता. काटा चेपलेला होता म्हणून पकडीने मागे ओढला आणि आम्ही पुन्हा बसलो. नाहीतर दवाखाना होता.

ब्लूगिलचा कंटाळा आला की बास. जिथे पानवेली, पाण्यात पडलेलं झाड किंवा धक्क्याचे खांब, तिथे तो लपून बसतो. मऊ प्लास्टिकची अळी मधोमध गळाला अडकवा, फेका आणि काहीही करू नका. ती दोन्ही टोकं थरथरवत खाली जाते, आणि बास बहुतेक वेळा ती खाली जातानाच घेतो. पोरांना ‘काहीही करू नका’ हे सांगणंच सगळ्यात अवघड. वेळ सकाळी लवकर किंवा दिवेलागणीची. आभाळ भरलं असेल तर दुपारीही चालतं.

दोन जाती आहेत. तोंड मिटल्यावर जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याच्या मागे गेलं नाही तर स्मॉलमाउथ. पोरांना हे ओळखायला फार आवडतं.

मासा धरण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. बासच्या खालच्या ओठात अंगठा घालून धरायचं. दात सँडपेपरसारखे, रक्त येत नाही, पण दिवसभरात पाच-सहा बास धरले की अंगठा खरखरीत होतो. मोठीला तो खरखरीत अंगठा मेडलसारखा मिरवायला मिळेल. मोठा मासा नुसत्या जबड्यावर आडवा लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. गळ घशात गेला असेल तर उपसत बसू नका, दोरी तोंडाजवळ कापा.

परवाना: मिशिगनमध्ये सतरा वर्षांखाली लागत नाही. पण पोराची काठी तुम्ही हातात घेऊन मदत करणार असाल तर तुम्हाला लागतो, आणि सहा वर्षांच्या पोराची काठी तुम्ही धरणारच. बास पकडून लगेच सोडणं वर्षभर चालतं. घरी न्यायचा असेल तर बहुतेक ठिकाणी मेमोरियल डेच्या (मे महिन्यातला शेवटचा सोमवार) आधीच्या शनिवारपासून, तोही १४ इंचांच्या वरचा, माणशी दिवसाला पाच.

आबांना सांगा, सोडण्यामागे नुसतं पुण्य नाही. बास दुसरे मासे खाऊन वाढतो, मोठा होईल तसा त्याच्या मांसात पारा साचत जातो. खायचाच तर ब्लूगिल खा. आमची ही त्याला आईचा काळा मसाला लावून तव्यावर टाकते, मग फ्रिजमध्ये काही उरत नाही.

——

प्रेषक: शिरपूरचे काका

राम राम. मी तिकडे वीस वर्षं काढली आणि आता इथे तापीकाठी आहे, तेव्हा दोन्हीकडचं थोडं सांगतो.

सूनबाई, आधी तुमच्या शेततळ्याचं. त्याला प्लास्टिकचा कागद असेलच. ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि आत पडलेला चांगला पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही, पाय घसरतच राहतो. पोरं जिथे बसतात तिथे खुंटीला जाड दोर बांधून गाठी मारून आत सोडून ठेवा, आजच. पोरांच्या अंगात तरंगणारं जाकीट हवं. मिशिगनचा कायदा होडीत सहा वर्षांखालच्यांनाच सक्ती करतो, म्हणजे तुमचा धाकटा कायद्यातून नुकताच सुटलाय. त्याला हे कळू देऊ नका.

होडीत कधी बसलातच तर दोन पोरांमागे दोन मोठी माणसं. एकाने फक्त काठ्यांकडे बघायचं: कोण मागे हात नेतोय, कुणाचा गळ कुणाच्या डोक्यावरून जातोय. उभं राहायचं नाही. नांगर पुढच्या टोकाला बांधायचा, मागे नाही. मागचं टोक बुटकं असतं, लाट आली की पाणी तिथूनच आत येतं.

आबांना बास कळायचा असेल तर त्यांना मरळ आठवायला सांगा. तसाच दबा धरून बसणारा, बेडकावर झडप घालणारा, आणि पोरांसाठी जीव टाकणारा. पाणी साठ फॅरेनहाइटच्या वर जाऊ लागलं की नर बास उथळ पाण्यात परातीसारखी गोल जागा साफ करतो आणि अंड्यांवर पहारा देत बसतो. त्याला काढलं की तेच ब्लूगिल तिथे टपलेले असतात, अंडी साफ. मरळीचंही तसंच. पावसाळ्यात तिच्या लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर खदखदतो आणि खाली आईबाप असतात. बरेच जण नेमका त्याच घोळक्यात बेडूक सोडतात आणि मरळ हमखास लागते. माझा बाप घोळका दिसला की गळ गुंडाळायचा. दुसऱ्याने टाकला तर त्याच्याशी आठवडाभर बोलायचा नाही. आम्हाला कारण कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पिल्लं आणून सोडायचं मात्र मनातून काढा. आबांच्या रोहूची बोटुकली तो आठ दिवसांत संपवील, आणि तळं कधी फुटलं तर पुढे तापी आहेच. जपानने १९२५ मध्ये हौसेने बास आणला. पुढे तो बिवा सरोवरात पसरला आणि तिथल्या मूळ माशांच्या मुळावर उठला. गंमत बघा, १९३२ चा जॉर्जियातला साडेदहा नाही पण दहा किलोच्या वरचा विक्रम मोडायला लोक अमेरिकेत झटत होते, आणि २००९ मध्ये त्याची बरोबरी करणारा मासा निघाला तो त्याच बिवातून.

परत जाण्याआधी पोरांना हतनूर धरणाच्या फुगवट्यावर घेऊन जा. थंडीत पाहुणे पक्षी असतात. मासे कसे पकडायचे ते तिथले पक्षीच दाखवतील.

——

प्रेषक: रावेरची सून

दोर बांधला. आबांनी स्वतः गाठी मारल्या, वर मला म्हणाले, हे तू मला आधी का नाही सांगितलं.

काका, मरळीचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “तुझ्या त्या काकांचा बाप कोन्त्या गावचा?” पत्ता वेगळा कळवा, त्यांना भेटायचंय तुम्हाला.

चाळीसगावकर भावजी, आबा तुमच्या पोरांसाठी मोरपिसाचे दहा-बारा दांडे तासून देतायत. बॅगेत टाकते.

——

प्रेषक: चाळीसगाववाला

वहिनी, नको! मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर बॅग उघडून बसाल. दांडे आबांकडेच राहू द्या, आम्ही आलो की तिथे वापरू. बॅगेत जागा उरली असेल तर कळण्याचं पीठ आणा. दोन किलो. तीन चालेल.