आमदारांचा कार्य अहवाल: कामांची यादी पुरे, की अर्थसंकल्पाचा हिशेबही हवा?

नदीकाठ

महाराष्ट्र विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन 18 जुलै 2025 रोजी संपले आणि पंधरवड्याच्या आत आमच्या मतदारसंघात आमदारांचा कार्य अहवाल घरोघर पोहोचला. गुळगुळीत कागदाच्या बारा पानांत सभामंडप, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीची संरक्षक भिंत, दोन पूल आणि अंतर्गत रस्ते यांची गाववार यादी आहे. प्रत्येक कामापुढे लाखांत रक्कम आहे आणि बहुतेक ठिकाणी ‘विशेष प्रयत्नांतून मंजूर’ असा शेरा आहे. ज्या सभागृहात बसण्यासाठी आम्ही त्यांना निवडून दिले, तिथे त्यांनी काय केले याविषयी मात्र एकच वाक्य सापडले: ‘अधिवेशनात मतदारसंघाचे विविध प्रश्न प्रभावीपणे मांडले.’

याच अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी, 30 जूनला, सरकारने 57,509 कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या वाढीव खर्चाच्या मागण्या, मांडल्या. मार्चमध्ये 7,00,020 कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला होता आणि नवे आर्थिक वर्ष सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. पुढे 10 जुलैला विधानसभेने बेकायदेशीर कृत्ये करणाऱ्या संघटनांवर कारवाईसाठीचे विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. या विधेयकावर संयुक्त समितीकडे साडेबारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या होत्या, म्हणजे लोकांना त्यात रस नव्हता असे म्हणता येणार नाही. सभागृहात त्याला ठामपणे विरोध केला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. पुढे याच कायद्याविरुद्ध सभा घेणाऱ्या मोठ्या विरोधी पक्षांचा आवाज त्या दिवशी तितका चढला नव्हता. आमच्या आमदारांनी होकार दिला, नकार दिला, की त्या वेळी ते सभागृहाच्या बाहेर होते, हे मला आजही ठाऊक नाही.

माझे म्हणणे असे, की प्रत्येक अधिवेशनानंतर आमदाराने दोन पानांचे लेखी निवेदन मतदारांना द्यावे आणि कोणत्या विधेयकावर आपण कोणती भूमिका घेतली व का घेतली, तसेच अर्थसंकल्पातून आणि पुरवणी मागण्यांतून आपल्या तालुक्याच्या वाट्याला काय आले, हे त्यात स्वतःच्या शब्दांत सांगावे. ही अपेक्षा अवास्तव आहे का?

सडेतोड

अवास्तव आहे, आणि थोडी अन्यायकारकही आहे. राज्यात सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार आणि 288 आमदार, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सरासरी तीन लाख छत्तीस हजार मतदार येतात. त्यांच्यापैकी किती जण पुरवणी मागण्यांचे पुस्तक उघडतील? लोक त्याच्या दारात येतात ते जळालेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी, रुग्णालयातल्या खाटेसाठी, मुलाच्या दाखल्यासाठी. सकाळी सहापासून लग्ने, दहावे आणि उद्घाटने यांत त्याला फिरवायचे, एकाही घरचे कार्य चुकले तर पाच वर्षे मनात ठेवायचे आणि वर त्याच्याकडून राजकोषीय तुटीवर निबंध मागायचा, याला काय म्हणावे?

शिवाय भूमिका म्हणजे कोणाची भूमिका? 1985 च्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले तेव्हापासून पक्षादेश मोडून मत देणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते. ज्याला स्वतःचे मत देण्याची मोकळीक नाही, त्याच्याकडून मताची कारणमीमांसा मागणे म्हणजे चालकाला सोडून वाहकाला अपघाताचा जाब विचारण्यासारखे आहे. अर्थसंकल्पाचेही तेच. घटनेच्या 203 व्या अनुच्छेदानुसार विधानसभा एखादी मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा तिच्यात कपात करू शकते. वाढ करू शकत नाही. त्यामुळे साध्या आमदाराच्या हाती उरते ते मंत्र्यांच्या दालनाबाहेर बसून पत्रावर शेरा मिळवणे. तो जे खरोखर करतो, तेच अहवालात छापतो.

लेखाशीर्ष

शासनाच्या लेखा शाखेत तीस वर्षे काढून निवृत्त झालो आहे, त्यामुळे दोघांच्याही म्हणण्यात थोडी दुरुस्ती सुचवतो.

नदीकाठ यांनी दिलेला 57,509 कोटींचा आकडा बरोबर आहे, पण तो स्थूल आकडा आहे. पुरवणी मागण्यांत काही रकमा नुसत्या जमाखर्चाच्या नोंदी जुळवण्यासाठी असतात आणि काहींच्या बदल्यात दुसरीकडून पैसे जमा होणार असतात. त्या वजा जाता तिजोरीवर पडणारा निव्वळ भार 40,644 कोटींचा होता. हाही भार लहान नाही, पण वृत्तपत्रे मोठा आकडा मथळ्यात घेतात आणि वाचकाचा गैरसमज होतो. दोन्ही आकड्यांतला फरक एका परिच्छेदात समजावून सांगता येतो, आणि माझ्या मते ते आमदाराचेच काम आहे, कारण ते पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवलेले असते.

सडेतोड यांचे म्हणणे असे, की लोकांना रस्ते हवेत, अर्थसंकल्प नको. रस्ता आणि अर्थसंकल्प हे दोन वेगळे विषय आहेत, हाच मुळात गैरसमज आहे. अहवालातला ‘मंजूर’ हा शब्द घ्या. काम अर्थसंकल्पात समाविष्ट झाले तरी मंजूर म्हणतात, प्रशासकीय मान्यता मिळाली तरी मंजूर म्हणतात, तांत्रिक मान्यता झाली तरी मंजूरच, आणि निविदा निघून कार्यारंभ आदेश दिला गेला तरीही तोच शब्द. या टप्प्यांमध्ये कधी सहा महिने जातात, कधी तीन वर्षे. पाच कोटींच्या पुलासाठी त्या वर्षी प्रत्यक्ष तरतूद काही लाखांचीच केलेली असते. आम्ही तिला टोकन तरतूद म्हणायचो. पूल पुस्तकात आला, फलक लागला, फटाके वाजले, पण उरलेली रक्कम पुढच्या अर्थसंकल्पांच्या भरवशावर. त्यातही तरतूद आणि निधी यांत अंतर आहे. तरतूद झाली तरी वित्त विभाग ती बीम्स या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर टप्प्याटप्प्याने वितरित करतो आणि वर्षअखेर हात आखडता घेतला, की ठेकेदाराचे देयक अडकते आणि खडी पसरलेला रस्ता तसाच राहतो. 2515 या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षाखालच्या (खर्चाच्या खात्याखालच्या) कामांची पत्रे घेऊन हेलपाटे घालणारे सरपंच मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्यांना कोणी एकदा शांतपणे सांगितले असते, की तुमचे काम यादीत आहे पण पैसा वितरित झालेला नाही, तर त्यांचा एसटीचा खर्च तरी वाचला असता.

म्हणून कामांच्या यादीला माझा विरोध नाही. यादीत दोन रकाने वाढवावेत: काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि 31 मार्चपर्यंत प्रत्यक्ष किती रक्कम मिळाली. हे दोन रकाने भरायला बसलेला आमदार आपोआप अर्थसंकल्प वाचू लागेल.

सडेतोड

लेखाशीर्ष यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे आणि ‘मंजूर’ या शब्दाबाबत मी माघार घेतो. पण ते दोन रकाने कोण भरणार? सत्ताधारी आमदाराने ‘तरतूद पाच कोटी, प्राप्त दहा लाख’ असे छापले, तर तो स्वतःच्याच सरकारवर आरोपपत्र छापतो. विरोधी आमदाराने छापले, तर लोक म्हणतात याला निधी आणता येत नाही. आमदार निधीचे पाच कोटी सर्वांना सारखेच मिळतात, त्यापलीकडच्या निधीत सत्तेच्या बाकांवरचा आणि समोरचा यांत किती तफावत असते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. प्रामाणिकपणाची किंमत एकट्या आमदाराने मोजायची, आणि आपण मतदार मात्र पुढच्या वेळी ज्याने जास्त नारळ फोडले त्यालाच मत देणार.

बचतगट

नारळ फोडणाऱ्यांचे राहू द्या, मी माझ्या गटातल्या बायकांचे सांगते. दर महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न असतो: लाडकी बहीण योजनेचे 2,100 रुपये कधीपासून? निवडणुकीत आश्वासन ऐकले होते, म्हणून प्रश्न रास्तच आहे. आमदारांच्या कार्यालयात दोनदा विचारले, दोन्ही वेळा ‘लवकरच’ असे उत्तर मिळाले. अहवालात या योजनेचे छायाचित्र आहे, आकडा नाही.

उत्तर खरे तर 10 मार्चच्या अर्थसंकल्पातच होते. 2025-26 साठी या योजनेला 36,000 कोटी ठेवले होते; आदल्या वर्षी योजना जाहीर करताना वर्षाला सुमारे 46,000 कोटी लागतील असे सांगितले होते. महिना 1,500 म्हणजे एका बाईला वर्षाला 18,000 रुपये. 36,000 कोटींना 18,000 ने भागले तर बरोबर दोन कोटी बायका येतात. लाभार्थींची संख्या तर दोन कोटी तीस लाखांच्या वर गेलेली होती. 2,100 रुपये द्यायचे ठरवले, तर याच रकमेत एक कोटी त्रेचाळीस लाख बायकाच बसतात. म्हणजे मार्चमध्येच दिसत होते, की वाढ होणार नाही आणि एकतर पुरवणी मागणी येईल किंवा यादीतून नावे कमी होतील. हा भागाकार मी दहावीच्या मुलीकडून वहीत करून घेतला. आमच्या आमदारांना तो जमला नाही असे मी म्हणणार नाही. त्यांनी तो आम्हाला दाखवला नाही. दाखवला असता तर बायका नाराज झाल्या असत्या, पण महिन्या-महिन्याला आशा लावून बसल्या नसत्या, आणि कोणी पुढच्या हप्त्याच्या भरवशावर शिलाई यंत्र उधारीवर घेतले नसते.

पक्षादेशाचा मुद्दा मला पटत नाही. पक्षादेश मत कसे द्यायचे ते सांगतो. गावात येऊन हिशेब सांगू नका, असे तो म्हणत नाही.

सांता क्लारा

गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियात आहे. इथल्या राज्य विधिमंडळातले सदस्य ईमेलने नियमित निवेदने पाठवतात: अर्थसंकल्पात काय आहे, माझी कोणती विधेयके कोणत्या समितीत अडली आहेत, सभा कधी आहे. सगळेच थोर असते असे नाही. बरीचशी आत्मस्तुतीच असते आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रे इथेही कमी नाहीत. फरक निवेदनाच्या मागे असलेल्या नियमांत आहे. सदस्याने कोणत्या विधेयकावर काय मत दिले याची नावानिशी नोंद असते, त्यामुळे त्याला ते लपवता येत नाही. 2016 मध्ये लोकांनी थेट मतदान करून नियम केला, की विधेयकाचा अंतिम मसुदा मतदानापूर्वी किमान 72 तास सर्वांना पाहता आला पाहिजे. अर्थसंकल्प 15 जूनपर्यंत संमत झाला नाही, तर त्यापुढच्या दिवसांचे वेतन सदस्यांना मिळत नाही. हाही नियम 2010 च्या लोकमतातून आला. नदीकाठ यांनी पत्रक मागण्याआधी मतांची नोंद मागावी, असे मला वाटते. आवाजी मतदानाच्या सभागृहात ‘मी होकार दिला’ हे कोणी तपासणार कसे?

सडेतोड

तिकडे सदस्याच्या दिमतीला कायदा आणि धोरण जाणणारा पगारी चमू असतो. इकडे एक स्वीय सहायक, आणि त्याचे दोन्ही फोन दिवसभर बदल्यांच्या शिफारशींसाठी वाजत असतात. तुलना करायची तर तीही करा. मात्र नोंदीचा मुद्दा मला मान्य आहे. मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचे मत मोजून नोंदवणे, मागण्याची सोय आपल्याकडेही आहे. विरोधी पक्षच ती मागत नाही, कारण त्यांच्याही रिकाम्या खुर्च्या मोजल्या जातील.

लेखाशीर्ष

नोंद हवीच, पण नोंद नाही म्हणून निवेदन थांबवायचे कारण नाही. जनसुरक्षा विधेयकाचेच घ्या. समितीने व्यक्तींचा उल्लेख काढून कायद्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांकडे वळवला आणि तपास अधिकाऱ्याचा दर्जा उपनिरीक्षकावरून उपअधीक्षकापर्यंत वाढवला. या बदलांनी माझे समाधान झाले, असे एखादा आमदार म्हणू शकेल. ‘तशा प्रकारच्या संघटना’ हे शब्द सैल राहिले म्हणून झाले नाही, असे दुसरा म्हणू शकेल. दोघांनीही तीन ओळी लिहिल्या असत्या, तर आम्हाला विचार करायला काही मिळाले असते. विधेयक संमत झाले म्हणजे विषय संपतो असेही नाही. 2021 च्या डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी महिलांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा देणारे शक्ती विधेयक संमत केले, त्याचा गाजावाजा झाला, आणि राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा कधी अमलात आलाच नाही. तेव्हा अभिनंदनाचे फलक लावणाऱ्यांपैकी किती जणांनी नंतर मतदारांना हे कळवले?

नदीकाठ

चर्चेनंतर मी माझी मागणी आटोपशीर केली आहे. काल आमदारांच्या कार्यालयात लेखी पत्र देऊन पोच घेतली. प्रश्न तीन आहेत. अहवालातल्या गावच्या पुलाला 31 मार्चपर्यंत प्रत्यक्ष किती रक्कम वितरित झाली? 10 जुलैला विधेयक मतास टाकले तेव्हा आपण सभागृहात होता का, आणि होता तर आपली भूमिका काय होती? लाडकी बहीण योजनेची तरतूद किती महिलांना पुरेल, असा आपला अंदाज आहे? तिसरा प्रश्न बचतगट यांच्याकडून उसना घेतला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

सडेतोड

उत्तर आले तर जसेच्या तसे इथे द्या. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येईल, कारण त्यासाठी उपअभियंत्याला एक फोन पुरतो. दुसऱ्याबाबत मी पैज लावायला तयार आहे.

बचतगट

तिसऱ्याचे नाही आले तरी चालेल, वहीचे ते पान मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. आमदारांनाही बोलावले आहे.