'पहिला स्वतंत्र भूभाग' : अंदमानबद्दल असं म्हणावं का?

माडाची_सावली
सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायला आपली माणसं अंदमानला जातात. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. त्यावरूनच अंदमानला भारताचा 'पहिला स्वतंत्र भूभाग' म्हणतात. पण बरोबर महिन्याने, ३० जानेवारीला, अंदमानातल्याच होम्फ्रेगंजला जपान्यांनी ४४ भारतीय माणसांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. त्यातले बरेचजण नेताजींच्याच चळवळीतल्या इंडियन इंडिपेन्डन्स लीग या संघटनेचे होते! मार्च १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत ही बेटं जपानच्या ताब्यात होती. त्यांना 'स्वतंत्र' म्हणणं मला पटत नाही.

खारा_वारा
असहमत. नेताजी तिथे जेमतेम तीन दिवस होते, तेही जपान्यांच्या गराड्यात. होम्फ्रेगंजचं पाप त्यांच्या माथी मारू नका. १८५८ पासून जिथे काळ्या पाण्याचे कैदी उतरवले, तिथे आपला झेंडा चढला, ही लहान गोष्ट नव्हे.

माडाची_सावली
नेताजींना दोष देतच नाहीये. सत्ता कुणाची होती, एवढंच विचारतोय. डॉ. दिवाण सिंग बघा. पंजाबी कवी, पोर्ट ब्लेअरच्या लीगचे प्रमुख. नेताजी सेल्युलर जेल पाहायला आले तेव्हा हा माणूस त्याच जेलमध्ये जपान्यांचा छळ सोसत होता. १४ जानेवारीला तिथेच गेला. इंग्रजांच्या कोठड्या आपल्याला पाठ आहेत, ही कोठडी मात्र कुणी दाखवत नाही.

बंदरकाठ
अंदमानातल्या हॅवलॉक बेटाला २०१८ मध्ये 'स्वराज द्वीप' नाव दिलं. ऑगस्ट १९४५ मध्ये अन्नाचा तुटवडा असताना जपान्यांनी शेकडो लोकांना बोटींत भरून याच बेटाजवळ समुद्रात ढकललं. नाव राहू दे, पण तिथे फिरायला जाणाऱ्याला हे कळलंच पाहिजे.

खारा_वारा
कळू दे की, जरूर कळू दे. पण 'स्वतंत्र' हा शब्द काढायला माझा विरोध कायम आहे. युद्धानंतर आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालला. त्यात बचावाचे वकील भुलाभाई देसाईंनी नेताजींचं आझाद हिंद सरकार हे खरं सरकार होतं असं मांडलं, तेव्हा त्या सरकारचा भूभाग म्हणून या बेटांचा आधार घेतला होता. आपल्या सैनिकांच्या बचावाचा मुद्दा आपणच खोडायचा?

माडाची_सावली
त्याच खटल्यात आझाद हिंद सेनेचे अधिकारी लोगनाथन बचाव पक्षाचे साक्षीदार होते. अंदमानचे गव्हर्नर म्हणून नेताजींनी त्यांनाच पाठवलं होतं. जपान्यांनी पोलीस खातं दिलं नाही, हातात आलं ते फक्त शिक्षण खातं, हे त्यांनी स्वतः कोर्टात सांगितलं. पोलीस जपान्यांचे, जेल जपान्यांचा. मग स्वतंत्र कोण होतं?