न पटणारं ऐकून घेतलं, असे तुमचे अनुभव

माळ्यावरची ट्रंक
काल आजोबांची ट्रंक उघडली. तळाशी चष्मा सापडला, एक काच फुटलेली, दांडी दोऱ्याने बांधलेली. तो येरवड्याचा. आणीबाणीत आजोबा मिसा कायद्याखाली आत होते, पक्के राष्ट्र सेवादलवाले, म्हणजे समाजवादी. शेजारची वळकटी संघाच्या एका मास्तरांची. चष्मा फुटल्यावर मास्तर रोज त्यांना वाचून दाखवायचे. आजोबा मागतील ते, अगदी मार्क्ससुद्धा, एक शब्द न गाळता. आधी पूर्ण वाचायचं, मग भांडायचं. १९७९ ला द्विसदस्यत्वावरून, म्हणजे पक्षात राहून संघाचंही सदस्य असावं का यावरून, जनता पक्ष फुटला, हे दोघे पुन्हा समोरासमोर. तरी दिवाळीला मास्तर फराळाला यायचेच. आजोबा म्हणायचे, "माझी बाजू त्याला माझ्यापेक्षा नीट मांडता येते."
असं माणूस तुम्हाला भेटलंय का? लिहा ना.

नाशिककर
माझे मामा पण मिसात होते, नाशिकरोडला! तुमचे आजोबा कोणत्या गावचे?

जुना वाचक
टिळक-आगरकर आठवले. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र. रात्री वाद इतके रंगायचे की पहारेकरी दटावायचे. पुढे आगरकर केसरीतून बाहेर पडले, १८८८ ला सुधारक काढला. पुढे दोघांत फार दुरावा आला, ते वाचताना फार लागतं.

बागायतदार
घाईत लिहितोय, मोटर चालू आहे. चुलते सेंद्रियवाले, मी खत-औषधवाला. पाच वर्षं जेवताना तोच विषय. शेवटी म्हटलं काका, दहा गुंठे तुमचे, मी हात लावणार नाही. त्यांचं जीवामृत म्हणजे दोनशे लिटरच्या टाकीत पाणी, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. रोज सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचे, वय सत्तर. माल कमी निघाला, खरं सांगतो. पण तिथली माती हातात भुसभुशीत लागते. आता जीवामृत सगळ्या रानाला सोडतो, फवारणी मात्र माझीच.

मधली सून
बाबांना देहदान करायचं होतं. मी बाजूने, दादा कडाडून विरुद्ध. मी त्याला मागासलेला म्हणून मोकळी झाले होते. एका रात्री भांडी विसळताना तो हळूच म्हणाला, "अस्थी नसतील तर आईने नदीवर काय न्यायचं गं?" हे आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं. मी अजूनही देहदानाच्याच बाजूची आहे. पण त्यानंतर फॉर्मवर सही करायच्या आधी आईला समोर बसवलं.

माळ्यावरची ट्रंक
ताई, वाचून गलबललं. आई काय म्हणाल्या?

मधली सून
म्हणाल्या, यांची काठी नेईन मी नदीवर. दादाच घेऊन गेला त्यांना.

स्पष्ट बोलतो
धागा छान आहे, पण एक सांगू? मला आडनाव विचारून खोली नाकारलेली आहे. तिथे मी काय ऐकून घ्यायचं? मास्तर आजोबांना माणूस मानत होते, म्हणून तो वाद झाला.

माळ्यावरची ट्रंक
बरोबर आहे तुमचं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जमलं तर सविस्तर लिहा, मी वाचते.

नाशिककर
बागायतदार भाऊ, गूळ कोणता घेता?

बागायतदार
काळा. पिवळाधमक नको, त्यात बऱ्याचदा रंग उजळायची पावडर असते. काकांना विचारून प्रमाण टाकतो रात्री.