पद्मिनीला पॉवर विंडो: रिले किती, स्विच कुठला? बजेट २,५००

पद्मिनी_८७
गाडी १९८७ची प्रीमियर पद्मिनी, पुण्यात. पुढच्या दोन दारांसाठी युनिव्हर्सल पॉवर विंडोचा संच घेऊन झालाय, मूळ हॅन्डलच्या दांड्यावर बसणारा. पण सोबतच्या वायरी दोऱ्यासारख्या आहेत आणि मोटरचा सगळा करंट स्विचमधूनच फिरतो. म्हणून रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे) टाकायचे आहेत. दोन्ही काचा ड्रायव्हरकडून चालाव्यात, डावीकडच्याला त्याचा वेगळा स्विच. वायर, रिले, फ्यूज, स्विच मिळून २,५०० रुपये. काम मी स्वतः करणार. अल्टरनेटर बसवलेला आहे, बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला.

काळीपिवळी
आधी हेडलाइटला रिले टाका, काचा नंतर. पद्मिनीत हेडलाइटचा करंट जुन्या स्विचमधून जातो. दिवे लावून बॅटरीवर आणि बल्बच्या कपलरवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर आधी तिकडे बघा. आणि डायनॅमोवर (अल्टरनेटरच्या आधीचं बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र) पॉवर विंडो म्हणजे हौसच. आयडलिंगला तो जवळजवळ काही देत नाही, चार्जिंगचा दिवा पेटतो तो उगीच नाही.

पद्मिनी_८७
अल्टरनेटर आहे, वर लिहिलंय.

नानापेठ
युनिव्हर्सल संच परत करा. नव्या हॅचबॅकची पूर्ण यंत्रणा, मोटर आणि रेग्युलेटरसकट, दारात बसवून घ्या. दहा-बारा हजारांत एकदाचं काम होतं. माझ्याकडे तीच आहे, काच मलईसारखी चालते. रिले मात्र बॉशचेच.

मल्टिमीटर
बजेट २,५०० आहे हो.

पद्मिनी_८७, एका मोटरला दोन रिले, म्हणजे एकूण चार. मोटर वर-खाली करायची तर तिच्या दोन्ही वायरींची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटायला लागते, एका रिलेने ते होत नाही. पाच पिनांचे, ३०/४० अँपचे रिले घ्या. जोडणी अशी:

दोन्ही रिलेंच्या ३० नंबर पिना मोटरच्या दोन वायरींना, एकेक. दोन्ही ८७ फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला. दोन्ही ८७ए (रिले बंद असताना ३० ला जोडलेली पिन) बॉडीला. ८५ बॉडीला. एका रिलेची ८६ स्विचच्या 'वर'ला, दुसऱ्याची 'खाली'ला. स्विचच्या कॉमनला इग्निशनचा प्लस, ३ अँपच्या फ्यूजमधून. ८५-८६ मधल्या, रिले उचलणाऱ्या कॉइलला जेमतेम दीडशे मिलिअँप लागतात, त्यामुळे स्विचच्या वायरी ०.७५ चौरस मिमीच्या पुरतात. मोटरच्या आणि प्लसच्या २.५ च्या घ्या.

स्विच सोडला की मोटरची दोन्ही टोकं ८७ए मधून बॉडीवर येतात आणि मोटरला ब्रेक लागतो, काच पुढे सरकत नाही.

जुना_गडी
पाच पिनांचा रिले घेताना अंगावरची आकृती वाचा. काही रिलेंत मधली पिन ८७ए नसते, दुसरी ८७ असते आणि दोन्ही ८७ आतून जोडलेल्या असतात. असा रिले वरच्या जोडणीत बसवला की एक ८७ प्लसला, दुसरी बॉडीला. स्विच दाबायच्या आधीच थेट शॉर्ट. फ्यूज नसेल तर वायरीचा धूर. खोक्यावर दोन्ही प्रकार 'पाच पिन'च लिहिलेले असतात. मीटर लावून बघायचं: करंट नसताना ३० आणि मधली पिन यांत कंटिन्युइटी (आतून जोड) यायलाच हवी.

नानापेठ
म्हणून म्हणतो, बॉश.

जुना_गडी
बॉशमध्येही दोन्ही प्रकार येतात.

कोरडा_कॉन्टॅक्ट
रिलेची गरजच काय? संचातला स्विच स्वतःच पोलॅरिटी उलटतो. वायर २.५ ची करा, २० अँपचा चांगला स्विच घ्या, संपलं. मोटर चालताना पाच ते दहा अँप घेते. काच अडली की वीसच्या वर जाते, पण तेवढ्यापुरतीच.

मल्टिमीटर
स्विच जळतो तो तेवढ्यातच. शिवाय एका काचेला दोन स्विच हवे आहेत, थेट स्विचने ती जोडणी किचकट होते. रिले असले की दोन्हीकडचे 'वर' एकत्र, दोन्हीकडचे 'खाली' एकत्र. एकाने वर आणि दुसऱ्याने खाली एकाच वेळी दाबलं तर मोटरच्या दोन्ही टोकांना प्लस मिळतो आणि ती नुसती थांबते.

पण इथे एक खाच आहे. संचातले स्विच सोडल्यावर आपली टोकं बॉडीला जोडतात. असे दोन स्विच एकत्र केले तर एकाचा प्लस दुसऱ्याच्या बॉडीवर, म्हणजे शॉर्ट. स्विचच्या, गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या पिना रिकाम्या सोडून भागेल का? त्या दोन पिना आतून वेगळ्या असतील तरच. जोडलेल्या असतील तर एका बाजूचं 'वर' दुसऱ्या स्विचमधून फिरून 'खाली'ला पोचतं, दोन्ही रिले उचलतात आणि काच जागची हलत नाही. सरळ मधोमध बंद राहणारे, दाबून सोडायचे साधे स्विच घ्या.

काळीपिवळी
डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) कोण टाकणार? कॉइलवर १एन४००७, पट्टीची बाजू ८६ कडे. उलटा लागला तर शॉर्ट. आणि डायनॅमोवाल्यांनी हेडलाइट लावून काच चालवू नये.

मल्टिमीटर
डायोड चांगला, पण साध्या स्विचला सक्तीचा नाही. आणि डायनॅमो नाहीये त्यांच्याकडे.

मांडवी_काठ
पणजीहून. रिले डॅशबोर्डखाली, पिना खाली करून लावा. पिना वर ठेवल्या की पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साठतं आणि पिना हिरव्या पडतात. दाराच्या खांबाला भोक पाडलं तर कापलेल्या कडेला आधी प्रायमर, मग रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून भोकात बसणारं कडं). बिजागरीपाशी वायरीला सैल वळसा ठेवा, ताणली तर तिथेच तुटते. घरगुती वायर दारात नको. तिच्या तारा जाड असतात, उघडझाप सोसत नाहीत. वायर बॉडीला जोडायची तिथला रंग खरवडून थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक) आणि दातेरी वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. दाराच्या पत्र्यावर अर्थ (बॉडीची मायनस जोडणी) घेऊ नका. बिजागरीतून येणारा अर्थ भरवशाचा नसतो.

कोरडा_कॉन्टॅक्ट
थिंबल नुसतं दाबून चालत नाही. सोल्डर मारा.

जुना_गडी
सोल्डर तारांत वर चढतं, वायर तिथे कडक होते आणि हादऱ्याने तुटते. बरोबर मापाचं थिंबल, पकडीने नाही, क्रिम्पिंग टूलने.

कोरडा_कॉन्टॅक्ट
तीस वर्षं सोल्डरच चाललंय.

जुना_गडी
असो. पहिल्यांदा चालू करताना फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, मोटर काढून ठेवा. बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. नाही पेटला की फ्यूज घाला आणि तोच बल्ब मोटरच्या जागी लावा. 'वर'ला पेटेल, 'खाली'ला पेटेल, दोन्ही दाबले की विझेल. मग मोटर. प्लस थेट बॅटरीवरून घ्या, प्रत्येक मोटरला २० अँपचा पात्याचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभराच्या आत. गाडीच्या जुन्या टोकदार फ्यूजच्या पेटीतून काही घेऊ नका.

आणि हे सगळं करायच्या आधी काच हॅन्डलने फिरवून बघा. हाताला जड असेल तर मोटरलाही जडच. खोबणीतली फेल्ट कडक झाली असेल तर बदला, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस नको, धूळ धरते.

पद्मिनी_८७
सगळ्यांचे आभार. काल दोन्ही हॅन्डल फिरवून पाहिले. उजवं हलकं आहे आणि बसल्या जागी हाताशी येतं. पोचत नाही ते डावं. म्हणून फक्त डाव्या दाराला मोटर. दोन रिले, डॅशबोर्डखाली एकच स्विच, २० अँपचा एक फ्यूज, नवी फेल्ट. डावीकडे बसणाऱ्याला वेगळा स्विच नाही, त्याने मला सांगावं. अंदाजे १,४०० मध्ये बसतंय. उजवीकडे मूळ हॅन्डलच राहील.

नानापेठ
एका दाराला हॅन्डल आणि दुसऱ्याला मोटर? कसं दिसेल ते!

कोरडा_कॉन्टॅक्ट
एकच स्विच, मग रिले कशाला? मी तेच सांगत होतो.

जुना_गडी
रिले असू देत, स्विच टिकतो. एकच सांगतो, डाव्या दाराची वायर हीटरच्या पाइपांपासून लांबून न्या. उरलेली मोटर जपून ठेवा, या संचांचे दाते प्लास्टिकचे असतात.

काळीपिवळी
आणि हेडलाइट?